डेल आयड्रॅक ९ : लांबून सर्व्हर सांभाळायचा तर आधी लॉगिन नीट लावा

डेलच्या पॉवरएज सर्व्हरच्या मागच्या बाजूला, बाकीच्या लॅन पोर्टांपासून जरा वेगळा, पान्याचं चिन्ह असलेला एक पोर्ट असतो. तो आयड्रॅकचा, म्हणजे सर्व्हर लांबून सांभाळायच्या सोयीचा. जालन्याची रोलिंग मिल घ्या, लातूरची डाळ मिल घ्या, नाहीतर परभणीकडचं एखादं जिनिंग घ्या. सर्व्हर येतो, टॅली किंवा वजनकाट्याचं सॉफ्टवेअर चालू होतं, आणि हा पोर्ट बऱ्याच ठिकाणी धूळ खात मोकळाच राहतो. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातली सगळ्यात कामाची सोय वापराविना पडून असते. जिथे ती वापरात आहे, तिथे पासवर्ड मालक सोडून बाकी सगळ्यांना माहीत असतो. म्हणून या परीक्षणात आयड्रॅक ९ काय काय करतो यापेक्षा त्याची लॉगिन कशी लावायची, कुणाला कोणता हक्क द्यायचा आणि कुठे माशी शिंकते, यावर जास्त भर दिला आहे.

आयड्रॅक म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसवलेला वेगळा छोटा कॉम्प्युटर. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, नेटवर्क पत्ता वेगळा. सर्व्हर बंद असला तरी पॉवर सप्लायपर्यंत वीज पोचत असेल तर हा जागाच असतो. विंडोज अडकलं, लिनक्स बूट होईना, हार्ड डिस्क गेली, तरी ब्राउझरमधून आत जाऊन सर्व्हर बंद-चालू करता येतो, पडद्यावर काय दिसतंय ते पाहता येतं, बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरता येतं, आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ फाइल तिकडच्या सर्व्हरला सीडी म्हणून लावता येते. ऐन गाळप हंगामात रात्री दोन वाजता वजनकाट्याचा सर्व्हर आडवा झाला आणि ऊस घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग गेटबाहेर लागली, तर संभाजीनगरहून गाडी काढून दोन-तीन तासांनी पोचणं आणि घरून पाच मिनिटांत यंत्र उठवणं यातला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आयड्रॅकची नववी आवृत्ती २०१७ मध्ये पॉवरएजच्या चौदाव्या पिढीबरोबर आली आणि पंधराव्या-सोळाव्या पिढीतही तीच आहे. म्हणजे आर ४४०, आर ५५०, आर ७५०, टी ३५०, टी ५५० अशा मॉडेलांत ती मिळेल. खरेदीच्या वेळी एक गोष्ट मात्र नक्की बघा : टी ४० हा स्वस्तातला टॉवर पॉवरएज नावानेच विकला जातो, पण त्यात आयड्रॅक नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘डेल टॉवर सर्व्हर’ लिहिलेलं असेल तर मॉडेल नंबर मागून घ्या.

दुसरी बघायची गोष्ट लायसन्स. बेसिक, एक्सप्रेस, एंटरप्राइझ आणि डेटासेंटर अशा चार पायऱ्या आहेत. रॅक आणि टॉवर सर्व्हरवर दूरचा पडदा दिसण्याची सोय, म्हणजे व्हर्च्युअल कन्सोल, एंटरप्राइझपासून पुढे मिळते. खालच्या लायसन्सवर सर्व्हर बंद-चालू करता येईल, तापमान दिसेल, पण बूट होताना पडद्यावर काय एरर आली ते दिसणार नाही. अडचणीच्या वेळी नेमकं तेच बघायचं असतं. आमचं मत स्पष्ट आहे : सर्व्हर तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर असेल तर एंटरप्राइझ घ्याच. रॅम थोडी कमी घेतली तर नंतर वाढवता येते, म्हणून पैसे कमी पडत असतील तर तिथे वाचवा. लायसन्सही नंतर घेता येतं, पण त्याची आठवण होते ती अडचणीच्या रात्री, आणि त्या वेळी कोटेशन-पीओ करायला कुणी जागं नसतं.

आता पहिलं लॉगिन. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला बारीकशी बाहेर ओढायची पट्टी असते, तिच्यावर सर्व्हिस टॅग छापलेला असतो. ती पट्टी पूर्ण ओढून उलटी केली की मागे आयड्रॅकचा डीफॉल्ट पासवर्ड दिसतो. युजरचं नाव ‘रूट’. चौदाव्या पिढीपासून डेलने प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड द्यायला सुरुवात केली आणि ही फार चांगली सुधारणा आहे. त्याआधी सगळ्या जगात एकच जोडी होती : रूट आणि कॅल्विन. अजूनही ऑर्डर देताना कुणी ‘जुना पासवर्ड’ हा पर्याय निवडला असेल तर नवीन यंत्रही कॅल्विनवरच येतं. तेव्हा पट्टीवरचा पासवर्ड चालला नाही तर एकदा कॅल्विन टाकून बघा, सगळी अक्षरं लहान. ते चाललं तर त्याच क्षणी बदला. आयड्रॅक इशारा देतो, पण जुनाच पासवर्ड पुढे चालू ठेवायची मुभाही देतो, आणि घाईतला माणूस नेमकं तेच बटण दाबतो.

पट्टी ओढल्यावर तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायची पद्धत आहे. फोटो काढा, पण तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आणि रॅक बसवणारे, वायरिंगवाले, एसीवाले असे दहा जण सर्व्हर रूममध्ये येऊन जातात. पट्टी ओढून वाचायला कुणालाही पाच सेकंद लागतात. पट्टीवरचा पासवर्ड पहिल्या दिवसापुरताच, एवढं पक्कं धरा.

पोचायचं कसं? आयड्रॅकचा मूळ पत्ता १९२.१६८.०.१२०. लॅपटॉपला १९२.१६८.०.१०० आणि मास्क २५५.२५५.२५५.० देऊन थेट केबल लावली की ब्राउझरमध्ये पान उघडतं. पत्ता आधीच कुणी बदलला असेल तर नेटवर्कच्या भानगडीत न पडता पुढचा रस्ता धरा : बहुतेक मॉडेलांत समोरच्या पॅनलवर मायक्रो यूएसबीचा पोर्ट असतो, त्याला आयड्रॅक डायरेक्ट म्हणतात. केबलने लॅपटॉप जोडला की लॅपटॉपला १६९.२५४.०.४ आणि आयड्रॅकला १६९.२५४.०.३ असा पत्ता मिळतो. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाका. इथे दोन ठिकाणी अडतं. एक, केबल नुसती चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. मोबाइलच्या दुकानातून आणलेल्या स्वस्त केबलींपैकी पुष्कळ अशाच असतात. दोन, लॅपटॉपचं वायफाय चालू राहिल्याने कधी कधी पत्त्यांचा गोंधळ होतो. ते तेवढ्यापुरतं बंद करा. हेही नाही जमलं तर मॉनिटर-कीबोर्ड लावा, सर्व्हर चालू होताना एफ२ दाबा, सिस्टिम सेटअपमध्ये आयड्रॅक सेटिंग्ज आणि त्यात युजर कॉन्फिगरेशन आहे. तिथून पासवर्ड बदलता येतो, पण सर्व्हर एकदा रीबूट करावा लागतो.

पत्ता देताना घरच्या राउटरची रेंज टाळा. १९२.१६८.०.काहीतरी किंवा १९२.१६८.१.काहीतरी दिलं की पुढे व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत टाकलेल्या सुरक्षित बोगद्यातून, जोडताना नक्की अडतं, कारण तुमच्या घरच्या वायफायचीही तीच रेंज असते आणि लॅपटॉप आयड्रॅकला घरातच शोधत बसतो. १०.४७.१२.१० असा आडवळणाचा पत्ता द्या. आणि गेटवेचा, म्हणजे नेटवर्कबाहेर जायला लागणाऱ्या राउटरच्या पत्त्याचा, रकाना मोकळा सोडू नका. गेटवे नसेल तर ऑफिसातून सगळं छान चालतं आणि बाहेरून पान उघडतच नाही. विनंती पोचते, पण उत्तर परत कुठून पाठवायचं हे आयड्रॅकला कळत नाही. साइटवरून निघण्याआधी मोबाइलच्या डेटावरून उघडून बघितलं नाही, तर ही चूक घरी पोचल्यावरच कळते.

आता मुख्य विषय : खाती. आयड्रॅकमध्ये १६ स्थानिक युजरांची जागा असते. पहिली राखीव, दुसरी रूटची, उरलेल्या तुमच्या. ‘आयड्रॅक सेटिंग्ज’मध्ये ‘युजर्स’, त्यात ‘लोकल युजर्स’. इतक्या जागा मोकळ्या असताना बहुतेक ठिकाणी एकच रूट खातं आणि तो एक पासवर्ड मालकाकडे, अकाउंटंटकडे, हार्डवेअरवाल्याकडे, सॉफ्टवेअरवाल्याकडे, असा वाटलेला असतो. मग सर्व्हर कुणी बंद केला हे लॉगमध्ये बघायला जावं तर सगळीकडे रूटच. गुत्तेदार बदलला की पासवर्ड बदलावा लागतो, आणि तो बदलला की उरलेल्या चौघांना पुन्हा सांगावा लागतो, म्हणून कुणी बदलतच नाही. नोकरी सोडून दोन वर्षं झालेला माणूस आजही आत जाऊ शकतो, तो याच कारणाने.

तयार रोल तीन आहेत : अॅडमिनिस्ट्रेटर, ऑपरेटर आणि रीड ओन्ली. नावावरून वाटतं की बाहेरच्या सर्व्हिसवाल्याला ऑपरेटर दिला की झालं. तसं नाही. एकूण नऊ हक्क आहेत; लॉगिन, कॉन्फिगर, युजर बदलणं, लॉग पुसणं, पॉवर बंद-चालू, व्हर्च्युअल कन्सोल, व्हर्च्युअल मीडिया (लांबून आयएसओ लावणं), सिस्टिम ऑपरेशन्स आणि डीबग. ऑपरेटरकडे यातले फक्त दोन नसतात : युजर बदलणं आणि लॉग पुसणं. म्हणजे ऑपरेटर आयड्रॅकचा नेटवर्क पत्ता बदलू शकतो, सेवा चालू-बंद करू शकतो. सर्व्हिसवाल्याला इतकं लागत नाही. त्याच्यासाठी रोलमध्ये न अडकता खुणा स्वतः करा : लॉगिन, पॉवर आणि व्हर्च्युअल कन्सोल. विंडोज नव्याने टाकायचं असेल त्या दिवशी व्हर्च्युअल मीडियाची खूण द्या, काम झालं की काढा.

व्हर्च्युअल कन्सोल आणि व्हर्च्युअल मीडिया हे दोन हक्क एकत्र असलेला माणूस यंत्रासमोर कीबोर्ड घेऊन बसल्यासारखाच आहे, हे मालकाने नीट समजून घ्यावं. तो स्वतःची आयएसओ लावून सर्व्हर त्यावरून बूट करू शकतो आणि आतल्या विंडोजचा अॅडमिनिस्ट्रेटर पासवर्डही बदलू शकतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर आतला डेटा त्याच्यासमोर उघडा आहे. तेव्हा आयड्रॅकचा पासवर्ड टॅलीच्या पासवर्डपेक्षा खालचा नाही, वरचा आहे.

मोंढ्यातल्या आडत दुकानात किंवा छोट्या कारखान्यात चार खाती पुरतात. एक मालकाचं अॅडमिनिस्ट्रेटर, जे रोज वापरायचं नाही. एक सर्व्हर सांभाळणाऱ्याचं, स्वतःच्या नावाने, अॅडमिनिस्ट्रेटर. एक बाहेरच्या सर्व्हिसवाल्याचं, वर सांगितल्यासारखं कातरलेलं. आणि एक जागेवरच्या माणसाचं, रीड ओन्ली. नवीन अॅडमिनिस्ट्रेटर खातं तयार झालं, त्याने आत जाऊन बाहेर येऊन बघितलं, की मगच रूट खातं निष्क्रिय करा. उलट क्रमाने केलंत तर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल. खातं बनवताना नाव-पासवर्ड भरला पण ‘एनेबल’ची खूण राहिली, ही अगदी नेहमीची चूक आहे, लॉगिन होत नाही आणि माणूस पासवर्डच पुन्हा पुन्हा बदलत बसतो.

पासवर्ड बदलताना ब्राउझरकडे लक्ष ठेवा. आयड्रॅकच्या पानाचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला असेल तर दुसऱ्याच युजरचा हक्क बदलायला त्याचा फॉर्म उघडल्यावर ब्राउझर पासवर्डच्या रकान्यात स्वतःहून काहीतरी भरू शकतो. सेव्ह केलं की त्या बिचाऱ्याचा पासवर्ड बदलला जातो आणि त्याला पत्ताही नसतो. यासाठी ब्राउझरची खासगी खिडकी वापरलेली बरी. कमांडने, म्हणजे डेलच्या रॅकॲडम या साधनाने, पासवर्ड लावणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे : लिनक्सच्या शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) डॉलर आणि उद्गारचिन्ह, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि अँड, ही अक्षरं शेल स्वतःच गिळतो. कमांड ‘यशस्वी’ म्हणते, पण आत गेलेला पासवर्ड तुम्ही टाइप केलेला नसतो. लिनक्सवर पासवर्ड एकेरी अवतरणचिन्हात द्या, नाहीतर सरळ अक्षरं, आकडे आणि हायफन एवढ्यावर भागवा. लांबी वाढवली की चिन्हांची गरज उरत नाही.

लांबीचा मुद्दा आयपीएमआयशी जोडलेला आहे आणि तो जरा सविस्तर सांगायला हवा. आयपीएमआय हा सर्व्हर लांबून हाताळायचा जुना सामाईक नियम, १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आणलेला. त्याची दुसरी आवृत्ती २००४ ची, तीच अजून चालते. यूडीपी पोर्ट ६२३. तिच्यात मुळातच एक खोट आहे. लॉगिन पूर्ण होण्याआधीच सर्व्हर समोरच्याला त्या युजरच्या पासवर्डवरून काढलेला हॅश, म्हणजे गणिती ठसा, देऊन टाकतो. युजरचं नाव बरोबर असलं की पुरे. हल्लेखोर तो हॅश घरी नेतो आणि निवांत फोडत बसतो. तुमच्याकडे चुकीच्या लॉगिनची रांग दिसत नाही, कुलूप लागत नाही. आठ अक्षरांचा, मोठी अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड घेतला तर सगळ्या मिळून सुमारे २.८ लाख कोटी जोड्या होतात. ऐकायला आकडा मोठा आहे, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड काही तासांत तेवढ्या तपासून मोकळं होतं. ही खोट नियमातच असल्याने फर्मवेअर (यंत्रात भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून जात नाही. शिवाय या नियमात पासवर्ड २० बाइटपेक्षा लांब चालत नाही.

आयड्रॅक ९ वर ‘आयपीएमआय ओव्हर लॅन’ सुरुवातीला बंद असतं आणि डेलने हे बरोबर केलंय. ते बंदच राहू द्या. ब्राउझर, एसएसएच (कमांडने लांबून आत शिरायचा सुरक्षित रस्ता) आणि रेडफिश (आयपीएमआयच्या जागी आलेला नवा नियम) एवढ्यात सगळी कामं होतात. एखादं जुनं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आयपीएमआयशिवाय चालतच नसेल, तर त्याच्यासाठी वेगळं खातं करा, आयपीएमआयचा हक्क फक्त ‘युजर’ पातळीचा ठेवा, पासवर्ड पूर्ण २० अक्षरांचा आणि यंत्राने बनवलेला घ्या. बाकी खात्यांना आयपीएमआयचा हक्क ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असा करा.

एसएसएचसाठी प्रत्येक युजरला चार पब्लिक की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्ल्या, लावता येतात. ज्याला रोज कमांडने काम करायचंय त्याने कीच वापरावी. पण एक लक्षात असू द्या : ही की लावल्याने ब्राउझरचा पासवर्ड बंद होत नाही. तो कच्चा असेल तर की लावून काही मिळवलं नाही. ईमेलवर कोड मागवून दुप्पट तपासणी करायचीही सोय आहे. ती चांगली आहे, पण मेलची व्यवस्था त्याच सर्व्हरवर चालत असेल तर सर्व्हर पडल्यावर कोड येणार कुठून? मेल बाहेरच्या सेवेवर असेल तरच ती चालू करा.

पासवर्डची आणखी एक मागची खिडकी बहुतेकांना माहीत नसते. सर्व्हरच्या विंडोज किंवा लिनक्समध्ये ज्याच्याकडे अॅडमिनिस्ट्रेटरचा हक्क आहे, तो डेलचं रॅकॲडम टाकून आयड्रॅकचा पासवर्ड जुना न सांगता बदलू शकतो. पासवर्ड विसरलात तर ही सोय देवासारखी धावून येते, सर्व्हर बंदही करावा लागत नाही. पण रॅन्समवेअर विंडोजमध्ये शिरलं तर त्यालाही हाच रस्ता मोकळा. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘लोकल कॉन्फिगरेशन’ आहे, तिथून रॅकॲडमचा हा हक्क बंद करता येतो. एंटरप्राइझवर सिस्टिम लॉकडाउन आहे, ते लावलं की सेटिंग बदलणंच अडतं. आमचा सल्ला : मालकाचा पासवर्ड कागदावर सुरक्षित असल्याची खात्री झाली की हा हक्क बंद करावा, त्याआधी नाही. पुढच्या पॅनलवरचं ‘आय’ बटण पंधरा-सोळा सेकंद दाबून धरलं की आयड्रॅक रीस्टार्ट होतो, त्याने पासवर्ड परत डीफॉल्टवर जातो असा पुष्कळांचा समज आहे. जात नाही. अडकलेला आयड्रॅक तेवढा सुटतो, आणि चालू सर्व्हरला धक्का लागत नाही.

आता बाहेरून पोचण्याबद्दल. राउटरवर पोर्ट ४४३ उघडून आयड्रॅक थेट इंटरनेटवर ठेवू नका. कुणी कितीही म्हणो, ‘पासवर्ड स्ट्राँग आहे, काही होत नाही.’ आयड्रॅक ७ आणि ८ मध्ये २.५२.५२.५२ च्या आधीच्या फर्मवेअरला २०१८ मध्ये अशी भोकं सापडली की लॉगिनशिवाय कोड चालवता यायचा. पासवर्ड कसाही असो, उपयोग शून्य. त्यातून आपल्याकडे आणखी एक व्यवहारातली अडचण आहे : तालुक्याच्या गावात फायबर किंवा फोरजीचं जे कनेक्शन मिळतं त्याला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, शेकडो गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे असतात. पोर्ट उघडला तरी बाहेरून कुणी पोचत नाही.

दोन्हींवर उपाय एकच, वायरगार्ड नावाचं व्हीपीएन. मुंबईत एक छोटा क्लाउड सर्व्हर घ्या, पोर्ट ५१८२० यूडीपी. साइटवरचा राउटर, उदाहरणार्थ मायक्रोटिकचा राउटरओएस ७ वाला, तिकडे बाहेरच्या बाजूने बोगदा टाकतो. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. हे राहिलं तर थोडा वेळ शांत गेला की इंटरनेट कंपनीचं नेटवर्क रस्ता विसरतं आणि बाहेरून बोगदा मेल्यासारखा दिसतो. प्रत्येक माणसाला वेगळी की द्या, आणि सर्व्हिसवाल्याच्या ‘अलाउड आयपी’मध्ये पूर्ण ऑफिसचं नेटवर्क न देता फक्त आयड्रॅकचा एक पत्ता. त्या बाजूची मर्यादा त्याच्या लॅपटॉपवर विसंबून ठेवू नका, राउटरच्या फायरवॉलमध्येही लावा. माणूस गेला की त्याची की काढा. आयड्रॅकमधलं खातं काढायला विसरलात तरी दार बंद.

या मांडणीत एक बारीक गोष्ट चावते. आयड्रॅक चुकीचे लॉगिन मोजतो आणि थोड्या वेळात तीन चुका झाल्या की तो आयपी पत्ता काही मिनिटं रोखून धरतो. राउटर व्हीपीएनवरच्या सगळ्यांना एकाच पत्त्याने आत सोडत असेल तर एकाच्या चुकीमुळे सगळेच बाहेर. पासवर्ड बरोबर असून ‘लॉगिन फेल’ येत असेल तर पुन्हा पुन्हा दाबू नका, पंधरा मिनिटं थांबा. आणि व्हीपीएनच्या रहदारीवर नॅट (सगळ्यांना एकाच पत्त्यामागे झाकणारी सोय) लावू नका, म्हणजे प्रत्येकाचा पत्ता वेगळा दिसेल आणि लॉगमध्येही कोण कुठून आलं ते कळेल.

विजेबद्दल थोडं, कारण इथे सगळं शेवटी लाइटवर येतं. आयड्रॅकला सर्व्हरच्याच पॉवर सप्लायमधून वीज मिळते. यूपीएस संपला की तोही झोपतो. लाइट आल्यावर त्याला उठायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. लगेच पान उघडलं नाही म्हणून घाबरू नका. स्विच आणि राउटर यूपीएसवर नसतील तर आयड्रॅक जागा असूनही पोचता येणार नाही. हे दोन डबे यूपीएसवर घेतलेच पाहिजेत. बायोसमध्ये ‘एसी पॉवर रिकव्हरी’ म्हणून पर्याय आहे, तो मूळचा ‘लास्ट’ असतो : लाइट जाण्याआधी जे होतं तेच परत. ऐकायला बरोबर वाटतं, पण यूपीएसच्या सॉफ्टवेअरने बॅटरी संपत आली म्हणून सर्व्हर व्यवस्थित बंद केलेला असेल, तर ‘शेवटची स्थिती’ बंद हीच धरली जाते आणि लाइट येऊनही सर्व्हर तसाच पडून राहतो. ‘ऑन’ ठेवलं तर आपोआप उठतो. लाइट पाच वेळा जा-ये करत असेल अशा फीडरवर मात्र ‘लास्ट’ ठेवून, वीज स्थिरावल्यावर आयड्रॅकमधून हाताने चालू करणं डिस्कच्या दृष्टीने जास्त सुरक्षित.

जागेवरच्या माणसाला रीड ओन्ली खातं का द्यायचं, तर तापमानासाठी. या सर्व्हरांची नेहमीची मर्यादा आत जाणाऱ्या हवेला १० ते ३५ अंश सेल्सियस. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच ४२-४३ असतं आणि एसी बंद पडला की बंद खोली भराभर तापते. आयड्रॅकच्या पहिल्या पानावर हा आकडा दिसतो. दिवसातून दोनदा बघून वहीत लिहिणाऱ्याला कुठलंच बटण दाबता येत नाही, म्हणून खातं बिनधास्त देता येतं.

लॉगसाठी घड्याळ आधी बरोबर करा. टाइम झोन आशिया-कोलकाता, आणि एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय, चालू. नाहीतर नोंदीतली वेळ आणि गेटवरच्या रजिस्टरातली वेळ जुळत नाही आणि भांडणं लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. आयड्रॅकमधला लॉग त्याच यंत्रात राहतो आणि अॅडमिनिस्ट्रेटरला पुसता येतो. एंटरप्राइझ लायसन्सवर रिमोट सिसलॉगची सोय आहे, ती वापरून लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवा.

इतरांशी तुलना थोडक्यात. एचपीईच्या आयएलओ ५ चं, म्हणजे त्यांच्या आयड्रॅकसारख्या सोयीचं, पहिलं लॉगिन सुटसुटीत आहे, ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ आणि पट्टीवरचा आठ अक्षरी पासवर्ड. पण वर हिशेब सांगितला तो नेमका असल्याच पासवर्डचा, म्हणून तो लगेच बदलावा. पासवर्ड पूर्ण हरवला तर मदरबोर्डवरच्या स्विचने सुरक्षा तात्पुरती बाजूला करता येते. डबा उघडावा लागतो, पण रस्ता आहे. विंडोज चालू असतानाचा पडदा बघायला आयएलओ अॅडव्हान्स्ड लायसन्स लागतं, म्हणजे खर्चाचं गणित डेलसारखंच. सुपरमायक्रो स्वस्त पडतो. त्याची जुनी यंत्रं ‘अॅडमिन-अॅडमिन’ या जोडीवर यायची, दोन्ही मोठ्या अक्षरांत. २०२० च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे तिथेही प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड आला. याच सुपरमायक्रोच्या जुन्या फर्मवेअरमध्ये २०१४ मध्ये पोर्ट ४९१५२ वरून पासवर्डची फाइल उघडी मिळत होती आणि इंटरनेटवर अशी जवळपास ३२ हजार यंत्रं सापडली होती. जुना सर्व्हर सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सेकंडहँड पॉवरएजचा बाजार मोठा आहे आणि आर ६३०, आर ७३० ही यंत्रं अजून मजबूत आहेत. त्यांच्यात आयड्रॅक ८ असतो. ते आणलं की पहिल्यांदा आयड्रॅक फॅक्टरी डीफॉल्ट करा, कारण आधीच्या मालकाची खाती आणि की आत तशाच असतात. मग फर्मवेअर अद्ययावत करा, मग पासवर्ड, आणि त्यानंतरच नेटवर्कची केबल. नवव्या आवृत्तीत डीफॉल्ट करताना पासवर्ड पट्टीवरचा हवा की कॅल्विन, असं विचारलं जातं, पट्टीवरचा निवडा.

मालकाच्या खात्याचा पासवर्ड कीपासएक्ससीसारख्या पासवर्ड साठवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तिजोरीत ठेवा आणि एक प्रत कागदावर लिहून, सर्व्हिस टॅग आणि आयड्रॅकचा पत्ता त्याच कागदावर टाकून, लिफाफा बंद करून खऱ्या तिजोरीत. लिहिताना शून्य आणि ओ, एक आणि एल यांत घोळ होतो, म्हणून पासवर्ड बनवतानाच ही अक्षरं टाळा. लिफाफ्यावर तारीख घाला.

गुत्तेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी त्याच्यासमोर ही चाचणी घ्या. ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइलच्या डेटावर या, व्हीपीएन लावा, लिफाफ्यातला पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप करून आत जा. सर्व्हर व्यवस्थित बंद करा. पंखे थांबल्याचं खोलीत उभ्या असलेल्या माणसाकडून फोनवर विचारून घ्या. मग आयड्रॅकमधून चालू करा आणि विंडोजचा लॉगिन पडदा मोबाइलवर दिसेपर्यंत थांबा. तो दिसला की युजरची यादी उघडा, प्रत्येक नावासमोर बोट ठेवून हा कोण ते विचारा, आणि ज्याचं उत्तर मिळत नाही ते खातं तिथल्या तिथे काढून टाका.